कानाला खाच, मानेत चिप: कोल्हापूरचं गावठी कुत्रं परदेशी धाडणाऱ्या सेवेचं परीक्षण

पुण्या-मुंबईच्या पेट रिलोकेशन कंपन्या आता कोल्हापूरचं गिऱ्हाईकही घेतात. रंकाळ्याच्या कडेला नाहीतर हायवेच्या सर्व्हिस रोडवर सापडलेलं खरजुलं पिल्लू कुणीतरी घरी आणतं, बरं करतं, त्याचे फोटो जर्मनीतल्या किंवा अमेरिकेतल्या एखाद्या घराला आवडतात, आणि मग ‘दारापासून दारापर्यंत’ असं पॅकेज घेतलं जातं. खर्च लाखांत जातो. या पॅकेजमधलं काय घ्यावं, काय इथंच उरकावं आणि एजंट हमखास कुठं घोळ घालतात, ते इथं बघू. कंपन्यांची नावं मुद्दामच घेतलेली नाहीत, कारण पॅकेजची मांडणी सगळीकडं जवळपास एकाच साच्यातली असते.

निकाल आधीच सांगतो. विमानाचं कार्गो बुकिंग, मुंबईच्या क्वारंटाइन कार्यालयातलं काम आणि तिकडच्या कस्टम्समधून सोडवणूक, या तीन गोष्टींचे पैसे वसूल होतात. ओळखीच्या नंबराची चिप, लस, रक्ताचा नमुना, तपासण्या आणि क्रेटची म्हणजे प्रवासाच्या पेटीची सवय ही कामं कोल्हापुरातच, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून करून घ्यावीत. ‘डॉक्युमेंट कन्सल्टन्सी’ या नावानं लावलेल्या वेगळ्या रकमेला सरळ नाही म्हणावं. तीन कामांचे पैसे घेतलेत त्यात कागद आलेच की.

आधी देश ठरवा, कुत्रं नंतर

एजंटाला पहिला प्रश्न देशाचा विचारायचा. कॅनडा म्हटल्यावर त्यानं ‘करून देतो’ असं उत्तर दिलं तर तिथूनच परत फिरावं. रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून ‘व्यापारी’ वर्गातली कुत्री आणायला कॅनडानं २८ सप्टेंबर २०२२ पासून बंदी घातली आहे, आणि त्या यादीत भारत आहे. दत्तक जाणारं कुत्रं विकलेलं नसलं तरी त्यांच्या हिशेबात ते व्यापारी वर्गातच बसतं. इथंच बहुतेकांचा गोंधळ होतो. आपल्याकडं व्यापार म्हणजे पैशाचा सौदा. या कायद्यांच्या भाषेत मालक बदलणार असेल तरी तो व्यापारच.

युरोप आणि ब्रिटनचंही तत्त्व हेच. मालक स्वतःचं पाळीव कुत्रं सोबत घेऊन जातो, किंवा ते त्याच्या प्रवासाच्या पाच दिवस आगेमागे जातं, ती बिगरव्यापारी हालचाल. तिचे कागद सोपे. दत्तक कुत्र्याला मात्र व्यापारी आयातीचा मार्ग धरावा लागतो: वेगळा दाखला, युरोपच्या ट्रेसेस या संगणकप्रणालीत आधी नोंद, आणि कुत्रं जिथून निघतं त्या जागेचीही नोंदणी. जर्मनीत तर दत्तक देण्यासाठी बाहेरून प्राणी आणणाऱ्या संस्थेला तिथल्या प्राणिसंरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली परवाना लागतो. त्यामुळं तिकडची संस्था मध्ये असेल तर परवान्याची प्रत आधी मागून घ्यावी.

या सगळ्याला फाटा द्यायला काही एजंट ‘फ्लाइट व्हॉलंटिअर’ शोधून देतात. म्हणजे मुंबईहून निघालेला कुणीतरी विद्यार्थी कुत्रं स्वतःचं म्हणून नेतो आणि विमानतळाबाहेर खऱ्या घराच्या हाती देतो. स्वस्त पडतं, महिनाभर वाचतो, आणि कागदावर ते सरळसरळ खोटं असतं. पकडलं गेलं तर कुत्रं क्वारंटाइनमध्ये जातं किंवा परतीच्या विमानात बसतं, आणि दोन्हीचा खर्च नाव लावलेल्या त्या पोराच्या माथी. पॅकेजमध्ये ही सोय ‘इकॉनॉमी प्लॅन’ म्हणून दाखवलेली असेल तर ती कंपनीच टाळावी.

अमेरिकेचे नियम १ ऑगस्ट २०२४ पासून बदलले. कुत्रं किमान सहा महिन्यांचं हवं. भारत तिथल्याही जास्त धोक्याच्या यादीत असल्यामुळं चिप, रेबीजची लस आणि सीडीसी या तिकडच्या रोगनियंत्रण संस्थेनं ठरवलेला लस-चिपचा दाखला लागतो. हा दाखला आपल्या डॉक्टरांनी भरायचा आणि त्यावर सरकारी पशुवैद्यकानं शिक्कामोर्तब करायचं. उतरायचं तेही फक्त सीडीसीकडं नोंदलेलं प्राणिनिगा केंद्र असलेल्या मोजक्या विमानतळांवर. न्यूयॉर्कचं जेएफके, वॉशिंग्टन डलेस, अटलांटा, मायामी, लॉस एंजेलिस आणि फिलाडेल्फिया ही त्यांतली नावं. त्या केंद्रातली जागा आधी राखून ठेवावी लागते. तिथं कुत्र्याची तपासणी होते आणि रेबीजची लस पुन्हा टोचली जाते. रक्ताची टायटर चाचणी (लसीचा परिणाम मोजणारी, ती पुढं बघू) नसेल तर २८ दिवस तिथंच मुक्काम. त्या मुक्कामाचं बिल बघितलं की टायटर का करून घ्यायची हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दत्तक कुत्र्याला याशिवाय तिथल्या कृषी खात्याचा आयात परवाना लागतो. शिकागो किंवा डॅलसला ‘थेट पोचवतो’ म्हणणाऱ्याला आधी वरच्या यादीतल्या कुठल्या विमानतळावर उतरवणार, आणि तिथून पुढं कुत्रं कोण नेणार, हे लेखी द्यायला सांगा.

चिप आधी, लस मागून

सगळ्यात महागाची चूक इथं होते, आणि ती कुत्रं एजंटाच्या हाती जायच्या आधीच झालेली असते.

नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. नसबंदीच्या वेळी त्याला रेबीजची लसही दिलेली असते. घरचे म्हणतात, लस झालीय की. पण त्या दिवशी कुत्र्यात चिप नव्हती. युरोप, ब्रिटन, अमेरिका, कुठंही चिप बसवण्याआधी दिलेली रेबीजची लस धरली जात नाही, कारण ती याच कुत्र्याला दिली याला पुरावा नसतो. तेव्हा चिप बसवायची, रीडरवर नंबर वाचून दाखवायला सांगायचा, आणि मग त्याच दिवशी किंवा त्यानंतर लस. उलटं झालं असेल तर लस पुन्हा घ्यायची आणि दिवस नव्यानं मोजायचे.

चिप १५ अंकी, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची हवी. कातडीखाली, दोन खांद्यांच्या मध्ये बसवतात. किराणासारखी ऑनलाइन मागवलेली सुटी चिप घेऊ नये. चिपसोबत बारकोडचे स्टिकर येतात, त्यांतला एक लसीच्या पुस्तकात, एक घरच्या फाइलमध्ये आणि एक रक्ताच्या फॉर्मवर चिकटवायचा. नंबर हातानं लिहायची वेळच येऊ द्यायची नाही. पंधरा अंकांत एक इकडचा तिकडं झाला तर टायटरचा रिपोर्ट दुसऱ्याच कुत्र्याचा ठरतो, आणि मुंबईत ऐनवेळी ते दुरुस्त होत नाही.

लसीच्या पुस्तकात बाटलीवरचा बॅच नंबरचा स्टिकर, दिल्याची तारीख, वैधतेची तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि त्यांचा पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक, एवढं दिसलं पाहिजे. व्हाइटनर नको, गिरवलेला आकडा नको. तारीख अंकांत न लिहिता महिन्याचं नाव अक्षरात लिहून घ्यावी. आपली ०३/०७ म्हणजे ३ जुलै, अमेरिकेत तीच ७ मार्च होते. पहिल्या लसीच्या वेळी पिल्लू किमान १२ आठवड्यांचं हवं. त्याआधी टोचलेली लस हिशेबात धरली जात नाही.

टायटर: थांबायचं कुठं, धावायचं कुठं

रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडं किती आहेत ते मोजणारी ही चाचणी. निकाल ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिली किंवा त्याहून जास्त हवा. भारत युरोपच्या आणि ब्रिटनच्या सवलतीच्या याद्यांत नसल्यामुळं ती चुकवता येत नाही. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबून मगच युरोपात किंवा ब्रिटनमध्ये पाऊल. अमेरिकेला हीच मुदत २८ दिवसांची आहे.

एजंट ‘तीन महिन्यांत पोचवतो’ म्हणतो ते इथंच खोटं पडतं. समजा, चिप आणि लस १ जूनला झाली. रस्त्यावरच्या, अंगात ताकद नसलेल्या कुत्र्याला एकाच डोसवर ०.५ गाठेलच याचा भरवसा नसतो, म्हणून चार आठवड्यांनी, २९ जूनला दुसरा डोस. त्यापुढं ३० दिवस सोडून ३० जुलैला रक्त. तिथून तीन महिने म्हणजे ३० ऑक्टोबर. पावसाळ्याच्या तोंडावर सुरू केलेलं काम दिवाळीच्या आगेमागे विमानात चढतं, आणि तेही कुठं काही अडकलं नाही तर. दुसरा डोस टाळला तर महिना वाचतो. पण निकाल ०.४ आला की पुन्हा लस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. आमच्या मते तो महिना वाचवण्याच्या नादाला लागू नये.

नमुना कसा काढतात यावरही लक्ष ठेवावं. साध्या नळीत रक्त घ्यायचं, ते गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूज करून वरचं सीरम वेगळ्या निर्जंतुक नळीत काढायचं. कमीत कमी १ मिली, जमल्यास २ मिली. सीरम गवती-पिवळसर दिसलं पाहिजे. लालसर दिसलं तर रक्तपेशी फुटल्यात असं समजावं, आणि तो नमुना प्रयोगशाळा परत पाठवू शकते. नळीवर चिप नंबर, कुत्र्याचं नाव, तारीख. २ ते ८ अंश तापमानात, आइसपॅकसोबत, पण बर्फाला थेट न टेकवता ठेवायचं. शनिवारी दुपारी रक्त काढून रविवारभर कुरिअरच्या गोदामात पडलेला नमुना ही एजंटांची लाडकी खोड. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी काढावं म्हणजे आठवडा हाताशी राहतो. प्रयोगशाळा ज्या देशात जायचं त्याच्या मान्यताप्राप्त यादीत हवी. युरोपची यादी वेगळी, सीडीसीची वेगळी. रिपोर्ट एका यादीतल्या लॅबचा आणि कुत्रं निघालंय दुसरीकडं, असं व्हायला नको.

एकदा टायटर पास झाली की पुढचा रेबीजचा बूस्टर मुदतीच्या आत देत राहिलं तर युरोपसाठी ती कायम चालते. बूस्टर एका दिवसानं जरी चुकला तरी साखळी तुटते आणि सगळं पहिल्यापासून. ती तारीख एजंटाच्या व्हॉट्सॲपवर न सोडता आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी.

या टप्प्यावर कंपन्यांना गुण द्यायचे तर पाचपैकी दीड. बहुतेक जण एक ‘पॅनेलवरचा डॉक्टर’ पाठवतात, तो नळी भरतो आणि जातो. हेच काम कोल्हापुरातला सेंट्रिफ्यूज असलेला कुठलाही चांगला दवाखाना निवांतपणे करतो. एजंटाला फक्त लॅबचा फॉर्म आणि कुरिअर एवढंच द्यावं.

तपासण्या, ज्या पॅकेजमध्ये नसतात

नियमांनी मागितलेलं आणि दत्तक घेणाऱ्याला सांगायला हवं असलेलं, यांत मोठं अंतर आहे. आपल्याकडं पाऊस सुरू झाला की गोचिडांचा उच्छाद होतो, आणि त्यामागून गोचीडताप. एर्लिचिया, ॲनाप्लाझ्मा, बबेसिया. कुत्रं वरून टुणटुणीत दिसतं, आत प्लेटलेट उतरलेले असतात, आणि प्रवासाचा ताण पडल्यावर तिकडच्या थंडीत आजार डोकं वर काढतो. तिथल्या डॉक्टरला हे आजार रोजच्या पाहण्यातले नसतात.

स्नॅप फोर-डीएक्स ही दवाखान्यात होणारी झटपट चाचणी हार्टवर्म, एर्लिचिया, ॲनाप्लाझ्मा आणि लाइम एवढंच दाखवते. बबेसिया त्यात दिसत नाही, त्यासाठी रक्ताची पीसीआर करावी लागते. ‘फोर-डीएक्स निगेटिव्ह, म्हणजे गोचीडताप नाही’ असं लिहून देणारा एजंट अर्धंच सांगतोय. एर्लिचिया निघाला तर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण २८ दिवस चालतो, म्हणजे ही चाचणी निघायच्या आठवड्यात करून उपयोग नाही. टायटरच्या रक्तासोबतच हेही रक्त द्यावं. पुढं तीन महिने थांबायचंच असतं, त्यात उपचार पुरा होतो.

रस्त्यावरून आलेल्या वयात आलेल्या कुत्र्यात टीव्हीटी, म्हणजे संगातून पसरणारी गाठ, हमखास तपासून घ्यावी. शेपटीखाली रक्ताचे थेंब दिसले तर मादी माजावर आली असं समजून सोडून देतात आणि दोन महिन्यांनी गाठ निघते. व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन आठवड्याला एक, अशा चार ते सहा डोसांत बहुतेक वेळा बरी होते. ब्रिटनला जाणार असेल तर ब्रुसेला कॅनिस या जिवाणूची चाचणी करूनच पाठवावं. तिथले दवाखाने बाहेरून आलेल्या कुत्र्याबाबत ती हमखास विचारतात.

इथं निदान अडलं तर मुंबईपर्यंत जायची गरज नाही. हायवेवरच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निघायच्या दिवशी वाटेत नव्हे, महिनाभर आधी जाऊन यावं.

एकच तपासणी एजंट स्वतःहून करतात, ती म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट. ब्रिटनला जाताना टेपवर्मचं, म्हणजे पोटातल्या चपट्या जंताचं, औषध मात्र विसरतात. प्राझिक्वांटेल असलेली गोळी पोचण्याच्या २४ ते १२० तास आधी, डॉक्टरांसमोर, वेळ लिहून. आयर्लंड, फिनलंड आणि माल्टालाही हाच नियम आहे. कोल्हापूर-मुंबईचा रस्ता, विमानतळावरचा वेळ आणि उड्डाण सगळं धरून गोळी निघायच्या आदल्या दिवशी सकाळी दिली की दोन्ही मर्यादांत बसते.

क्रेट: सुताराकडं जाण्याआधी हे वाचा

पॅकेजच्या बिलात सगळ्यात गुळगुळीत ओळ क्रेटची असते: ‘आयाटा अप्रूव्ह्ड’. आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना, ती कुठल्याही क्रेटला मंजुरी देत नसते, ती फक्त मापं आणि अटी ठरवते. मापं स्वतः घ्यावीत. कुत्रं सरळ उभं असताना नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची, खांद्यांची रुंदी, आणि डोकं किंवा उभा कान यांपैकी जे उंच असेल तिथपर्यंतची उंची. क्रेटची आतली लांबी म्हणजे कुत्र्याची लांबी अधिक कोपराच्या उंचीचा निम्मा भाग. आतली रुंदी खांद्यांच्या दुप्पट. आतली उंची म्हणजे डोक्याची उंची अधिक अंथरूण.

आपल्या गावठी कुत्र्याचं उदाहरण घेऊ. लांबी ७२ सेंमी, कोपर ३६, खांदे २०, कान ६२. म्हणजे आतून ९० सेंमी लांब, ४० रुंद, ६५ उंच क्रेट हवा. गावठीचे कान उभे असतात हे मोजताना लक्षात ठेवा. पुष्कळ जण डोक्याच्या टाळूपर्यंतच मोजतात आणि कान छताला घासतात म्हणून विमान कंपनी कुत्रं नाकारते. बाजारात ९१ सेंमी लांबीचा म्हणून मिळणारा क्रेट बाहेरून तेवढा असतो, आतून तोकडा पडतो. मग वरचं माप घ्यावं लागतं, साधारण १०२ × ६९ × ७६ सेंमी.

आणि इथं बिल फुगतं. कार्गोचं भाडं प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांत जे जास्त त्यावर लागतं. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ६००० नं भागायचं. वरच्या क्रेटचे ८९ किलो होतात. कुत्रं १८ किलोचं, क्रेट धरून ३० च्या आसपास, आणि पैसे ८९ किलोचे. एजंट फसवतोय असं नाही, हिशेबच तसा आहे. पण ‘आरामशीर पडेल’ म्हणून आणखी एक माप मोठा क्रेट गळ्यात मारणारा मात्र आपल्याच खिशातून आराम देतोय.

शाहूपुरीतल्या सुताराकडून लाकडी क्रेट करून घ्यायचा विचार असेल तर लाकूड आयएसपीएम १५ या कीड रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणं प्रक्रिया केलेलं आणि तसा ठसा असलेलं हवं. साध्या प्लायवर बनवलेल्या खोक्यावर भरवसा ठेवू नये. तारेचा पिंजरा चालत नाही. प्लास्टिकच्या क्रेटचे दोन भाग जोडणारे प्लास्टिकचे चाप काढून धातूचे नटबोल्ट लावायचे, दार धातूचं, चारही बाजूंना हवेची जाळी, चाकं काढलेली. दारावर बाहेरून भरता येतील अशी दोन भांडी. पाण्याच्या भांड्यात आदल्या रात्री पाणी गोठवून ठेवलं तर चढउतारात सांडत नाही. आत साखळी, मुसकं, हाड, खेळणं काही नको. घरातल्या कुणाची तरी वापरलेली जुनी चादर मात्र जरूर.

सवय लावायला किमान सहा आठवडे. आधी दार काढून क्रेट घरात ठेवायचा आणि जेवण आतच द्यायचं, मग दार लावून पाच मिनिटं, अर्धा तास, एक रात्र, शेवटी गाडीत ठेवून किणी टोलनाक्यापर्यंत फेरी. कुठलीच कंपनी हे करत नाही. काही जण त्याऐवजी गुंगीचं औषध सुचवतात. ते घेऊ नये. औषधानं रक्तदाब उतरतो, तोल जातो, श्वासावर परिणाम होतो, आणि कार्गोच्या पोटात बघायला कुणी नसतं. गुंगीतलं कुत्रं विमान कंपन्याही नाकारतात.

कोल्हापूर ते मुंबई

उजळाईवाडीहून थेट परदेशी विमान नाही, त्यामुळं सातारा, खंबाटकी, पुणे आणि एक्सप्रेसवे असा सुमारे ३८० किलोमीटरचा रस्ता. सहापदरीकरणाच्या कामांमुळं कधी सात तासांत होतो, कधी दहा. रेल्वेनं नेता येतं, पण फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर लागते. नाहीतर कुत्रं गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातं. तो प्रवास घाबरट कुत्र्याला करायला लावू नये.

कंपनीची गाडी घेणार असाल तर एसी मागं पोचतो का, क्रेट पट्ट्यानं बांधतात का आणि सोबत दुसरा माणूस आहे का, एवढं विचारा. एकट्या ड्रायव्हरच्या भरवशावर सोडू नका. गावठी कुत्र्याची मान डोक्याच्या मानानं जाड असते, साधा पट्टा मागं सरकून ते सहज काढतं. धाब्यावर पाणी पाजायला दार उघडलं आणि कुत्रं उसात शिरलं, की सहा महिन्यांचं काम गेलं. आवळणारा मार्टिंगेल पट्टा आणि हार्नेस, दोन्हीला वेगवेगळ्या दोऱ्या, आणि दोऱ्या हातात घेतल्याशिवाय दार उघडायचं नाही. विमानतळावर सुरक्षा तपासणीसाठी कुत्र्याला क्रेटबाहेर काढायला सांगतात, तिथंही हेच. निघायच्या चारेक तास आधी हलकं खाणं, मग फक्त पाणी. तांबड्या रश्शातली हाडं निरोपाची म्हणून घालायचा मोह आवरा.

रात्री निघून सकाळी मुंबईत पोचावं. केंद्राच्या प्राणी क्वारंटाइन विभागाच्या म्हणजे एक्यूसीएसच्या कार्यालयात कुत्रं समक्ष दाखवावं लागतं. चिप वाचतात, पुस्तक, टायटर आणि फिटनेस तपासतात, मग निर्यातीचा आरोग्य दाखला देतात. मालकासोबत युरोपला जाणाऱ्या कुत्र्यासाठी हा दाखला पोचण्याच्या दहा दिवसांच्या आतला लागतो, व्यापारी मार्गानं त्याहूनही ताजा. इथं एजंट खरा उपयोगी पडतो. वेळ मिळवणं, फॉर्ममधल्या चुका जागेवर दुरुस्त करणं, एअरवे बिल म्हणजे विमानमालाची पावती जुळवणं, कार्गोच्या शेडमध्ये चार-सहा तास उभं राहणं, ही त्यांची रोजची कामं आहेत. पाचपैकी साडेचार.

उन्हाळ्यात मात्र बुकिंगच धरू नये. एप्रिल-मेमध्ये मुंबईच्या धावपट्टीवरच्या उकाड्यामुळं पुष्कळ विमान कंपन्या कुत्री घेत नाहीत, आणि उड्डाण पुढं गेलं की दाखला शिळा होतो. उड्डाण रद्द झालं तर मुंबईतल्या केनेलचा आणि नव्या दाखल्याचा खर्च कुणाचा, हे करारात नसेल तर तो आपलाच, असं समजून चालावं. टायटर नापास झाली तर आगाऊ रकमेतलं किती परत मिळणार, हेही त्याच पानावर लिहून घ्या.

कुठलं कुत्रं पाठवू नये

चार-पाच वर्षं महाद्वार रोडवर किंवा एखाद्या चिकन सेंटरसमोर राज्य केलेलं कुत्रं तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, बर्फात, दिवसातून तीनदा दोरीनं फिरताना सुखी होईल असं वाटत नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत नसबंदी करून कुत्रं मूळ जागी सोडायची तरतूद आहे ती अशांसाठीच. लहानपणी उचललेलं, माणसाला चिकटलेलं, जिना, लिफ्ट आणि फरशी ओळखणारं कुत्रं पाठवावं. दूधभाकरीवर वाढलेल्याला तिकडं मिळेल असं कोरडं खाणं इथंच, आठ-दहा दिवसांत थोडं थोडं वाढवत लावावं. नाहीतर तिथं उतरल्या उतरल्या जुलाब, आणि ते प्रवासामुळं की आजारामुळं हे कळत नाही.

उलट्या दिशेनं, म्हणजे परदेशातल्या शेल्टरमधलं हस्की कोल्हापुरात आणून देतो म्हणणाऱ्यांबद्दल एवढंच: एप्रिल २०१६ पासून परकीय व्यापार महासंचालनालयानं कुत्र्यांच्या आयातीवर निर्बंध घातलेत. आणणाऱ्याच्याच नावावरचं, कागदपत्रं असलेलं पाळीव कुत्रं, संशोधन संस्थांची कुत्री, आणि लष्कर-पोलिसांची कुत्री एवढ्यांनाच वाट आहे. दत्तकाची वाट त्यात नाही.

पोचल्यावरचा शेवटचा टप्पा

फ्रँकफर्टला उतरलं तर तिथल्या ॲनिमल लाउंजमध्ये, हीथ्रोला ॲनिमल रिसेप्शन सेंटरमध्ये चिप आणि कागद तपासले जातात. कस्टम्सची सोडवणूक काही तास घेते. पॅकेजमध्ये ती धरली आहे का, की फक्त ‘विमानतळापर्यंत’ आहे, ते आधी वाचा. कुत्र्यासोबतच्या फाइलमध्ये मूळ कागद आणि क्रेटवर चिकटवलेल्या पाकिटात प्रती, दोन्ही हवेत. घेणाऱ्यानं विमानतळाच्या आवारात क्रेट उघडू नये. घरी जाऊन, खोलीचं दार लावून, मगच. पहिले काही आठवडे दोन दोऱ्या तिकडंही चालू ठेवाव्यात. जर्मनीत कुत्र्यावर पालिकेचा करही भरावा लागतो, ते त्यांना माहीत असतं, इथल्यांना ऐकून गंमत वाटते.

आणि चिपची नोंद. इथं बसवलेली चिप तिकडच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये आपोआप दिसत नाही. कुत्रं हरवलं आणि कुणी ती वाचली तर पंधरा अंक मिळतील, पण फोन कुणाला करायचा ते कळणार नाही. जर्मनीत टासो या पाळीव प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडं ही नोंद फुकट होते, दहा मिनिटांचं काम. नव्या घराच्या नावानं चिप नोंदल्याचा कागद व्हॉट्सॲपवर आला की मगच एजंटाचा शेवटचा हप्ता सोडावा.